सूर, कोणता?

यंत्र विचारतं: सूर, कोणता?
पर्याय एक, लेबनॉनमधलं समुद्रात घुसलेलं शहर.
पर्याय दोन, ओमान.
मराठीत तिसराही आहे, पण तो यादीत नाही
आणि एसीच्या घरघरीत इथे लागतही नाही.
मी दोनवर टिचकी मारते.

एकेचाळीस हजार दोनशे सहा नोंदी.
खलफान म्हणतो, येत्या रविवारी सगळं खुलं करायचं.
कोणीही यावं, नोंद उचलावी, आपल्या नोंदीला जोडावी,
विचारायचीही गरज नाही.
दारात आलेल्यापुढे कॉफी-खजूर ठेवावेत तसं बोलतो तो.
मग हळूच: पण आधी ताट पुसून घे.

पुसते आहे.
अल-मुखैनी नावाचे सात लेखक होते,
एकाला जोडाक्षर जास्त, एकाला बाप कमी.
दुपारपर्यंत एकच उरला.
बिचारा पहिल्यापासून एकटाच लिहीत होता,
भावंडं आम्ही जन्माला घातली त्याला.
एका पुस्तकाचं साल १३७१.
हिजरी लिहायचं राहिलं,
म्हणून ते छापखान्याच्याही आधी छापलं गेलं
आणि वीस वर्षं कोणाला काही वाटलं नाही.

खासगी टिपा काढायच्या, हा नियम.
देणगीदाराचा फोन. काढला.
‘वाळवी लागली, उन्हात ठेवू नये.’ ठेवली.
‘ह्या गृहस्थांना पुन्हा पुस्तक देऊ नये.’
काढली, जरा वाईट वाटून.

मग एका नाखुदाची वही.
गलबत, सागवान, खजुराची पोती, बंदरांची नावं.
त्यातल्या एका बंदराला जगाच्या कुठल्याच यादीत जोड नाही:
बालशेत.
यंत्र म्हणतं, जुळणी शून्य.
टिपेच्या रकान्यात चौकोनच चौकोन,
▯▯▯▯ ▯▯ ▯▯▯▯▯
जुन्या संगणकाला जे वाचता आलं नाही ते.
मी लिपीचा संच बदलला
आणि चौकोनांतून अक्षरं निघाली, देवनागरी,
गाठोडं सोडल्यावर कपडे निघावेत तशी चुरगळलेली:

‘बालशेत म्हणजे पालशेत. अरबीत प नाही.
तालुका गुहागर. हा नाखवा आमच्या खाडीत
दोन पावसाळे अडकला होता, आजा सांगायचा.
न. परकार.’

नाखुदा, नाखवा.
उठून खिडकीशी गेले. खालच्या खाडीला ओहोटी,
होड्या चिखलात एका कुशीवर.
मी जालन्याची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून,
पालशेत तर नकाशावरही पाहिलं नव्हतं.
खलफानला विचारलं, परकार कोण?
म्हणाला, माझ्या आधीच्या आधी. चहा बिनसाखरेचा घ्यायचा.
गेला एके दिवशी, व्हिसा संपला बहुतेक.

नियमाने ही टीप खासगी.
मी अक्षांश टाकला, रेखांश टाकला,
बालशेत = पालशेत, मध्ये ती दोन रेघांची पक्की खूण,
जी एकदा खुली झाली की परत बोलावता येत नाही.
पुढचा रकाना: आधार?
ग्रंथ, पृष्ठ, आवृत्ती, यांपैकी काहीतरी द्या.
मी लिहिलं: परकार, तोंडी, आजोबांकडून.
रकाना लाल झाला. पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल.
तसाच ठेवलाय. रविवारी खलफान बघेल.

आणि परकारांची एक नोंद उघडली,
कारण आधाराला पत्ता हवा, पत्त्याला माणूस.
जन्मसाल कपाटातल्या जुन्या फायलीत मिळालं: १९४८.
त्यापुढे छोटी आडवी रेघ.
आमच्यात रेघेपुढची जागा मोकळी असली
की माणूस आहे असं धरतात.

मी कोणाला फोन केला नाही.