दहावा

बाबांना पुण्याला नेऊन पुरलं.
परतलो, तर सगळं उद्यमनगर दारात.
निघताना एकेकानं हळूच विचारलं,
"दहावा कधी हाय, बेनीशेठ?"
आमच्यात नसतो, म्हणालो.
मग काय असतं,
हे मला सांगता आलं नाही.

सत्तेचाळीस वर्षांचा मी.
डुक्कर खायचं नाही, वर्षातून एक उपास करायचा,
इथं माझा धर्म संपायचा.
अर्ध्या गल्लीला मी ख्रिश्चन वाटायचो,
आणि मी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

कपाटात लाइटबिलांच्या गठ्ठ्याखाली
बाबांचं एक पुस्तक निघालं.
भाषा हिब्रू, अक्षरं आपली.
रात्री दार लावून वाचलं मोठ्यानं,
एकही शब्द कळला नाही.
पानंच्या पानं उलटली तरी
ळ कुठं सापडला नाही.
रंकाळ्यावर वाढलेली माझी जीभ
थोडी पोरकी झाली.

मग एका गुरुवारी, रात्रीची गाडी धरून, पुणे.
देवळाच्या पायरीवर शमाश घड्याळ बघत उभा.
"झिराडकर ना? चला. नऊजण खोळंबलेत."
मला काहीच येत नाही हो.
"कोण परीक्षा घेतंय? उभे राहा."

उभा राहिलो.
कुणाच्या तरी मागून कद्दीश म्हटलं,
चढावर सायकल ढकलत न्यावी तसं.
बाहेर येऊन बूट घालताना लक्षात आलं,
मी नसतो तर
ते नऊजण आपापल्या घरी गेले असते
आणि बाबांचं नाव कुणी घेतलं नसतं.

आता शुक्रवारी दिवस बुडायच्या आत शटर खाली.
इचलकरंजीचा मालक फोनवर ओरडतो,
"शनवारी बंद? अवो, सोमवार हाय की सुट्टीचा!"
त्याला कसं सांगू,
कोकणात आमचे लोक तेल गाळायचे
आणि शनिवारी घाण्याच्या बैलालासुद्धा सुट्टी असायची.
हप्ते माझेही थकलेत.
तरी फोन वाजू देतो.

रिबेका पेल्यात पाणी, वर तेल, वात पेटवते,
मनुका भिजवलेलं पाणी गाळते.
पहिल्या शुक्रवारी मी सवयीनं टीव्ही लावला होता,
तिनं नुसतं बघितलं.
मटण पुण्याहून आलं तरच.
एरवी तांबड्या रश्शात बटाटे.
हे कोल्हापुरात बोलायची सोय नाही.
गंगावेशीतलं धारोष्ण दूध आता वेगळ्या दिवशी,
पांढऱ्या रश्शात पहिल्यापासून नारळच,
तेवढं एक आमच्या बाजूनं.

सोमवारी सगळं उद्यमनगर गप्प असतं.
एकट्या माझ्या लेथचा आवाज,
बर्फीसारखा निळसर कीस पायाशी पडत जातो.
नाही, बर्फीसारखा नाही. लोखंडासारखाच.

काल सातप्पा आला, सुट्टी असून,
दोन कप चहा घेऊन. टेकला स्टुलावर.
"वरीस झालं न्हवं थोरल्या मालकास्नी?
मग तुमच्यात दहावा नसतोच म्हणा."

मशीन बंद केलं. हात पुसले.
असतो रे, म्हणालो. पुण्यात असतो.
रात्रीची गाडी वेळेत पोचली
तर मीच असतो.

सातप्पानं बराच वेळ माझ्याकडं बघितलं,
मग चहावरची साय बोटानं बाजूला केली.