माशाला पुरेल, पाण्याला नाही

द्वारका सर्कलमागच्या दुकानात काचेला नाक लावून
मी बोट दाखवलं : हा, पिवळा, करंगळीएवढा.
गोबी. वाळूवर हनुवटी टेकून बसलेला,
डोळे दोन्ही वर, रात्रपाळीच्या रखवालदारासारखे.
वीस लिटरची टाकी माझ्या कडेवरच होती,
पैसे तेवढे द्यायचे राहिले होते.

इलियास खतीब म्हणाले, त्याला पुरेल.
पाण्याला नाही पुरणार.

मी हसले. ते हसले नाहीत.
चिमूटभर मीठ चहाच्या कपात टाका, म्हणाले,
मग तेवढंच हंड्यात.
तोंड कुठल्यानं वाकडं होतं?
थोडं पाणी चटकन चिडतं, ताई.
एक घास उरला, कुजला, दुपारी लाइट गेली,
लहान पाणी संध्याकाळची वाट बघत नाही.
मोठं दोन दिवस तरी सोसतं,
तेवढ्यात तुमच्या लक्षात येतं.

टाकी परत फळीवर ठेवली.

घरी भाऊंनी टेप काढला.
चाळीस वर्षं तांबट आळीत त्यांनी
पाण्याला पोट घडवलं, गळा घडवला, काठ दिला.
लिटर हा शब्द त्यांच्या जिभेला अजून परका.
साठ गुणिले चाळीस गुणिले पस्तीस, मी बोटं मोडत होते,
चौऱ्याऐंशी हजार, भागिले हजार.
डोळे मिटून म्हणाले, सात घागरी.
एक दगड-वाळू खाईल. उरल्या सहा.
मीठ?
लिटरला पस्तीस ग्रॅम.
म्हणजे अडीच किलो समुद्र, ते म्हणाले,
आणि पहिल्यांदाच हसले.

उंची का कमी?
तो वर जातच नाही, भाऊ. त्याला जमीन लागते.
मग परात हवी म्हण की, कळशी नको.

शोकेस पेलणार नव्हतं. तिसरा मजला, पाथर्डी फाटा,
शंभराच्या वर किलो,
म्हणून खांबाला लागून लोखंडी स्टँड,
जिथे भाऊंची खुर्ची असायची. खुर्ची सरकली.

रविवारी उठले तर माळ्यावरची घागर खाली.
चिंचेनं घासलेली, आतूनबाहेरून लखलखीत.
हिनं भरू, म्हणाले, माप चुकायचं नाही.

आता हे कसं सांगायचं.
गोबीबरोबर एक कोळंबी येणार होती,
जवळजवळ आंधळी. ती बीळ खणते, तो दारात बसतो,
तिची मिशी त्याच्या शेपटीवर.
आणि खतीबभाईंनी दोनदा बजावलेलं,
तांब्याचा थेंबही नको. कोळंबीला विष.

सांगितलं.
भाऊंनी घागर उलटी करून आत बघितलं,
मग भिंतीला उद्देशून म्हणाले,
अख्खं नाशिक यातलं पाणी पिऊन मोठं झालं.
चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ते रविवार कारंज्यावरून आले,
कापडी पिशवीत काहीतरी फुगलेलं,
वरून पंचा झाकलेला.
प्लॅस्टिकची बादली. निळी.
आळीतलं कोणी भेटलं का, मी विचारलं.
दोघं भेटले. कणीक आहे म्हणालो.

पाणी भरलं. मीठ विरलं. मोटर घुमायला लागली.
मासा नाही. महिनाभर नुसतंच फिरू द्या,
असं सांगितलेलं, पाण्याला पाणी व्हायला वेळ लागतो.
भाऊंनी काचेवर पेनानं रेघ मारली.
एप्रिलची दुपार, पंखा, उघडी खिडकी,
तिसऱ्या दिवशी रेघेखाली बोटभर काच कोरडी.

मी मिठाचा पुडा उचलला.
त्यांनी मनगट धरलं.
पाणी उडालं, पोरी. मीठ कुठे उडालंय?
आणि आरओचं गोडं पाणी पेल्यापेल्यानं ओतत राहिले,
रेघेला टेकेपर्यंत,
वाकून, एक डोळा बारीक करून,
जसे पूर्वी काठ सरळ आहे का बघायचे.

तो दुकानात आहे अजून.
इथे सहा घागरी खारं, आत कोणी नाही,
आणि भाऊंनी खुर्ची वळवून घेतली आहे तिकडे.