दोन टक्के

साच्यात होडी निजलीय. मॅटचे दोन थर झाले, तिसरा बाकी.
भिंतीला रेझिनचे चार ड्रम,
ब्रश धुऊन ठेवलेले,
उल्लास आणि त्याचा मेव्हणा रोजावर,
सकाळपासून पत्ते पिसतायत.
नाही ते फक्त हार्डनर.
शंभर किलोला दोन किलो.
तेवढं नसेल तर रेझिन म्हणजे
कधीच गोळी न होणारा पाक.

हार्डनर येतं वसईहून, तुस्कानोकडून.
बावीस वर्षं दुसऱ्या कुणाकडून घेतलं नाही,
म्हणजे घ्यावं लागलं नाही,
म्हणजे दुसरा कुणी उधार देत नाही.

पहिल्या फोनला म्हणाला, गाडीत भरलं.
दुसऱ्याला, भरतोय.
तिसऱ्याला खरं बोलला:
त्याचाच माल अडकलाय गुजरातेत,
तिथल्या कंपनीला कसलंसं आम्ल मिळेना,
आम्लाचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर उभं.
रागवायला माणूस शोधत होतो मी.
साखळी इतकी लांब निघाली
की राग वाटेतच दमला.

हरेश्वर सारंग रोज येतो, साच्याभोवती फेरी मारतो.
"नारळी पुनवेक पाण्यात जातली मां?"
"जातली."
त्याचा तुस्कानो मी.

लोक सांगतात, साठा करून ठेव.
केला होता. पाच कॅन, पोफळीच्या सावलीत,
ओल्या गोणपाटाखाली.
दहाव्या महिन्यात वापरलं तर जोर गेलेला,
आख्खी नाळ चिकट राहिली,
माश्या बसल्या तिच्यावर.

लोक असंही सांगतात की आबांच्या काळी,
लाकडाच्या होड्या होत्या तेव्हा,
सगळं इथलंच होतं.
नव्हतं. सागवान कारवारचं, तांब्याचे खिळे मुंबईचे.
आबा धक्क्यावर बसून असायचे गलबताची वाट बघत
आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, उद्या.
उंडीचं तेल तेवढं घरचं.

शेवटी काल विजयदुर्गला गेलो, मुनाफ होडेकरकडे.
गेल्या साली माझी दोन गिऱ्हाइकं त्यानं फोडली,
तेव्हापासून बोलणं बंद.
कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतले
तर भडका उडतो, मधे रेझिन लागतं.
आमच्यामधे त्यानं चहा ठेवला.
मग कॅन उचलून वजन अजमावलं,
बराच वेळ, तोंडानं हिशेब करत,
आणि पाण्याच्या बाटलीत दीड किलो ओतून दिलं.
पैसे नको म्हणाला.
"माझं कोबाल्ट संपलं की रात्री बारालाही येईन,
दार उघडायचं."

बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून
दोन पायांच्या मधे ठेवली,
वाघोटनच्या पुलावर स्कूटर
नव्या नवरीला आणल्यासारखी चालवली.
वहीत लिहिलं: मुनाफ, दीड किलो, देणं.
रकमेची जागा कोरी.

आज नाळेकडून सुरुवात केली.
दुपारपर्यंत थर तापला, मग निवला,
नखानं ठोकला तर टणक वाजला.
वरामाकडे आलो आणि बाटली रिकामी.
हातभर मॅट कोरडी राहिली, पांढरी.
सारंगनं त्यावर तळवा ठेवला.
"एवढाच मां?"
"एवढाच."
उल्लासनं पत्ते पुन्हा काढले.
खिशात फोन वाजत होता, वसईचा नंबर.
हात चिकट होते.
वाजू दिला.