मोजणी

तीस वर्षं भूमिअभिलेखात काढली.
मेहकर, चिखली, देऊळगाव राजा,
साखळी ओढत बांधाबांधानं फिरलो.
तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे.
मणक्याच्या ऑपरेशननंतर
माझं एक पाऊल अर्ध्या आण्याचं भरतं,
तेही सकाळी.
संध्याकाळचं विचारू नका.

मुलीनं तिकिटं काढली. हवापालट, म्हणाली.
नाशिकची हवा अशी
की वॉकरची दांडी रुमालात गुंडाळून धरायची
आणि रबरी बुडं ओल्या फरशीवर
नव्या कारकुनासारखी कुरकुरणार.

लॉजवाला फोनवर म्हणाला होता, पायऱ्या नाहीत.
होत्या तीन.
"ह्या काय पायऱ्या आहेत का साहेब?"
त्याचंही खरं होतं,
त्याच्या पायांच्या मापानं.

गांगुर्डे रिक्षावाला, निफाडकडचा.
कानाला मफलर, सीटखाली एक पाट.
आईला चढता यावं म्हणून ठेवलेला.
आई गेली, पाट राहिला.
तो रस्त्यावर मांडतो, मी त्यावर पाय देतो,
मग आत. जेवायला बसवल्यासारखं.
अख्ख्या शहरात माझ्या उंचीची
ही एकच पायरी.

भांडी बाजारात रिक्षा शिरेना.
अकरा पावलांवर धाप लागली,
एका ओट्यावर टेकलो.
समोरच्या घंगाळात माझं तोंड पसरट,
शेजारी मंदाकिनीचं.
दुकानदार घ्या म्हणाला नाही, उठा म्हणाला नाही,
पोरानं चहा आणला.
ह्या जागेची नोंद मी मनात केली:
लांबी चार फूट, पाठीला भिंत, ऊन दहापर्यंत.

इथले लोक गोदावरीला नुसतं गंगा म्हणतात.
गंगेवर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं,
कपडे धुणाऱ्या बाया धुक्यात अर्ध्या.
मी वरच थांबलो.
मंदाकिनी म्हणाली, आलेच, पाय भिजवून.
मी म्हटलं, जा, तुझं काय,
तू सरळ आहेस.

वरून माणूस वेगळाच दिसतो.
उभ्यानं, जवळून, रोज बघून
जे कळत नाही ते पडच्या कोनातून कळतं,
हे मला धंद्यानं शिकवलेलं.
ती सरळ उतरत नव्हती.
आडवी. आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा.
एका पायरीला दोन पावलं.
मध्ये एकदा थांबून
साडी सावरल्यासारखं करून
गुडघा दाबला.

चौदा महिने मला उठवलं, बसवलं,
बूट घातले, नाडी बांधली.
खाली बसून.
खाली बसून, दर वेळी.
माझ्या सगळ्या नकाशात
तिचा गुडघा कुठेच नव्हता.

वर आली. तोंडावर पाणी.
"थंड आहे का?"
"आहे की."
एवढंच बोललो.
परतताना वॉकरची एक बाजू तिनं धरली.
येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल
मला आधार देतेय.
मी वजन थोडं आपल्याकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी पांडवलेणी. म्हणजे पायथा.
वर न संपणाऱ्या पायऱ्या,
आम्ही तिघं खाली, पेरूला तिखटमीठ.
गांगुर्डेला विचारलं, वर काय आहे?
म्हणाला, बावीस वर्षं पाशिंजर सोडतोय,
गेलो नाही कधी. गाडी कोण बघणार?

मग आम्ही गाडी बघितली.
तो मफलर सोडून, आमच्या हातात देऊन
पोरासारखा चढत गेला,
वळणावर एकदा हात केला.
मंदाकिनीनं सीटखालून पाट ओढला,
माझ्याकडे न बघता
उजवा पाय त्यावर ठेवला.
ऊन आमच्या बाजूला यायला
अजून बराच वेळ होता.