काट्याची वही

जिनिंग बंद पडलं, काटा तेवढा चालू राहिला.
म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना मी काट्यावर चढवलं.
उडीच्या जाळ्या जत्रेतल्या, स्प्रिंगा लहान पोरांच्या हिशेबाच्या,
कोण किती किलोचा, हे कुणीतरी लिहायला हवं होतं.
गठाणींची वही अर्धी कोरीच होती.

निसार पिंजारी, एकसष्ट.
आजोबांची धनुकली घरात खुंटीवर,
तिची तात याच्या पोटरीत.
रेमसिंग पावरा, चोपन्न. सातपुड्यातून शिकायला आलेला,
वसतिगृहाच्या वरणावर वजन वाढतं का ते बघायला
दर सोमवारी आपणहून काट्यावर उभा.
बडगुजरांची जागृती वजन सांगेना.
"लिखी ले ना आप्पा, पन्नासना मांगे-पुढे."
तेच लिहिलं. पूर्ण वहीत अंदाजाची ओळ तेवढी एक.
गुलाब भोई, अठ्ठ्याऐंशी.
याला जाळीवर सोडायचं नाही,
जाळीपुढे उभा करायचा, असं ठरलं.
ठरताना तो बुटाची नाडी बांधत होता,
सुटलेली नव्हती तरी.

भिकन वायरमन आमचा कोच,
खेळ मोबाइलवर पाहिलेला,
नियम अर्धे पाठ, अर्धे मनाचे.
संघाचं नाव त्यानेच ठेवलं: धरणगाव झेप.
जळगावहून बनियनं छापून आली,
एक मात्रा जास्त, एक काना जास्त,
सगळ्यांच्या छातीवर: धरणगाव झोप.
परत करायला पैसे नव्हते.

शहाद्यात नऊ विरुद्ध एक्केचाळीस.
पोरं ओरडली, झोपा, झोपा,
आणि परतीच्या टेम्पोत ती खरंच झोपली,
एकमेकांच्या खांद्यावर, तोंडं उघडी.
धुळ्यात निसारचा घोटा गेला.
भुसावळची रेल्वेची पोरं, एक खाली आला की दुसरा वर,
जणू फलाट मोकळा झाल्याशिवाय गाडी सोडायचीच नाही.
चाळीसगावला जिंकलो. तिकडचे दोघे लग्नाला गेले होते,
पण जिंकलो.

शेवटचा सामना घरी, अमळनेरशी.
दोन गुणांनी मागे, खडू माझ्या हातात,
कड्यावर अजून जुन्या सरकीचा कापूस चिकटलेला.
रेमसिंग धावला, जाळीवर पडला, उठला,
आणि लाइट गेली.

अंधारात तो वर होता.
तेहेतीस वर्षं मी गठाणी मोजल्या,
एकही अशी काट्यावरून गैरहजर राहिली नव्हती.
चोपन्न किलोचा पोरगा
आणि धरणगावात कुठेच त्याचं वजन नाही.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग लोखंडी कडं वाजलं.
मग खाली बॉल, दोनदा.
मग स्प्रिंगा.
क्रम बरोबर होता. मी चाचपडत तीन लिहिले.

भिकनने खांबावर चढून लाइट आणली
तोवर अमळनेरवाले माझ्या टेबलाभोवती.
पंच म्हणाला, "आप्पा, पाहिलं का?"
"नाही. ऐकलं."
ऐकलेलं धरत नाहीत म्हणे.
दोन गुणांनी हरलो. वहीत एकाने जिंकलो आहोत,
ती ओळ मी खोडलेली नाही.

चैत्रात जत्रेवाला जाळ्या न्यायला येणार होता.
आदल्या रात्री गुलाब आला, किल्ली मागितली नाही,
नुसता शटरपाशी उभा राहिला.
मी उघडलं आणि पाठ फिरवून काट्याचं तेलपाणी करत बसलो.
बराच वेळ नुसते बूट काढल्याचे आवाज.
मग एक उडी. मग दुसरी.
मग हसणं, जे मी त्याच्याकडून हंगामभर ऐकलं नव्हतं,
छपराच्या जरा जास्तच जवळून.

किती वर गेला, ते विचारू नका.
सकाळी खर्चाच्या बाजूला लिहिलं:
स्प्रिंगा दोन, तुटल्या,
ऐंशी रुपये. किरकोळ.