जड हवा

कोफोलाची दोन लिटरची रिकामी बाटली.
दोनशे ग्रॅम साखर. पाणी कोमट,
मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं, तान्ह्याच्या दुधासारखं.
यीस्ट चमच्याच्या टोकावर मावेल इतकंच.
"जास्त घातलंस तर दोन दिवसांत दम संपेल त्याचा,"
बाबा म्हणतो,
आणि दम या शब्दाशी त्याला स्वतःलाच थांबावं लागतं.

मी रविवारी येते. गोळ्यांचा डबा भरते.
आज झाकणाला भोक पाडतेय, नळीपेक्षा किंचित लहान.
नळीचं टोक तिरकं कापायचं, पक्कडीने ओढून घ्यायचं.
गोंद नको. अडचणीत घातलेली वस्तू
आपली आपण घट्ट धरून बसते.

एकतीस वर्षं तो ओस्त्रावाच्या पोटात होता,
सूर्य उगवायच्या आत खाली.
त्याची टोळी हिला जड हवा म्हणायची.
वास नाही, रंग नाही. तळाशी साचते,
घोट्यांपासून वर चढते,
दमून टेकलेला माणूस आधी झोपतो.
"बसायचं नाही," एवढंच त्याने मला लहानपणी शिकवलं,
कारण न सांगता.
मी ट्राममध्येसुद्धा उभी राहायचे.

आता तीच हवा तो ओट्यावर लावतो,
विरजणासारखी, फडक्यात गुंडाळून.

संध्याकाळी पहिला बुडबुडा. मग बराच वेळ काही नाही.
मग रांग लागते.
मधल्या छोट्या बाटलीत मोजायचे: मिनिटाला बावीस.
ते मी मोठ्याने मोजते.
त्याचे श्वास मनात.

बुधवारी फोन. "पानांना मोती आलेत!"
क्रिप्टोकोरिनच्या कडेकडेने, चांदीचे, टाचणीच्या डोक्याएवढे,
एकेक सुटून वर जातोय म्हणे.
"ऑक्सिजन आहे तो. फुकटचा."
मागे त्याचं यंत्र घरघरत होतं, मीटर पळवत.

पण यीस्टला रात्र कळत नाही.
दिवा विझला की झाडं हात आखडतात,
बाटली देतच राहते.

शुक्रवारी पहाटे शेजारच्या ब्लाझेनाबाईंचा फोन:
"ये लवकर. वेंदेलीनला वेड लागलंय."

निऑन मासे सगळे पृष्ठभागाशी, तोंडं उघडी.
आणि नाकातली नळी काढून
कपडे वाळत घालायच्या चिमट्याने
बाबाने टाकीच्या काठाला लावलेली.
यंत्र घरघरतंय. पाणी उकळल्यासारखं फसफसतंय.
तो टेबलाची कड धरून.
ओठ जांभळे.
खुर्ची हाताशी होती.
उभा होता.

मी खूप बोलले. बोलू नये तेही बोलले.
त्याने नळी परत नाकात घातली, तशीच ओली,
आणि बोटाने दाखवलं: एक मासा खाली वळला. मग दुसरा.
जीव भांड्यात पडला म्हणतात,
कुणाचा, कोणत्या भांड्यात, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून रात्री नऊला
तो बाटलीची नळी पाण्यातून काढतो
आणि खिडकीच्या फटीत अडकवतो.
बाहेर बर्फ. सातवा मजला.
बुडबुडा नाही, आवाज नाही,
फक्त जड काहीतरी
मजल्यामजल्याने उतरत जातं,
पार्किंगपर्यंत, बंद खाणीच्या फाटकापर्यंत,
तिथून पुढची वाट त्याला पाठ आहे.