दरीकडे पाठ

तेहतीस वर्षं मी मीटर वाचले.
शेवटी शेवटी कंपनीनं मोबाईल दिला.
साहेब म्हणाले, आकडा नीट दिसला पाहिजे
आणि फोटोत बोट येता कामा नये.
माझं फोटोग्राफीचं शिक्षण एवढंच.

रिटायर झालो आणि बाकड्यांचे काढू लागलो.
का, ते सांगता येत नाही.
मीटर असायचे जिन्याखाली, संडासामागं,
कुत्र्याच्या साखळीच्या टप्प्यात.
बाकडं असतं तिथं, जिथं कुणाला तरी एकदा वाटलेलं असतं
की इथं जरा टेकावं.

कण्हेरच्या धरणाजवळ एक आहे सिमेंटचं,
एक पाय खचलेला;
त्यावर बसलेला माणूस आपोआप पाण्याकडं कलतो.
माहुलीला, संगमाच्या पायऱ्यांवर,
कै. गोदूबाई दगडू फाळके यांच्या ‘स्मरणाथ’,
रफार पेंटरच्या डब्यातच राहिला.
लिंबात नळाशेजारी तीन भावांनी वडलांच्या नावानं दिलेलं,
तिघांची नावं वडलांच्यापेक्षा ठळक.
चाफळच्या वाटेवरचं लोखंडी उन्हात असं तापतं
की त्यावर फक्त मिरच्या बसतात.

फोटोत माणूस नको, हा माझा नियम.
रत्नप्रभा पिशवी घेऊन उठते,
मी काढेपर्यंत उन्हात उभी राहते,
पुन्हा बसते.
म्हणते, “बसायची वस्तू, आणि बसल्यालं चालत नाही.
उद्या ताटाचा फोटो काढाल, जेवू न देता.”

रात्री वहीत नोंद करतो:
तारीख, गाव, पाय किती, तोंड कुठं.
जुनी सवय.
मीटरच्या वहीत एक शेरा असायचा, ‘घर बंद’.
बाकड्यांना तो अजून लिहावा लागलेला नाही.

दोनशे अकरा झाली.

दोनशे बारावं यवतेश्वरच्या घाटात सापडलं,
वळणावर, दरीकडे पाठ करून.
मागं अख्खं सातारा, अजिंक्यतारा,
लांब कुठंतरी कृष्णेची चकाकी,
आणि बाकड्याच्या समोर काय,
तर रस्ता, कापलेला डोंगर,
‘कचरा टाकू नये’ आणि त्याखाली कचरा.
मी ठेकेदाराच्या नावानं बरंच बोललो.

कणसं भाजणारा पोरगा ऐकत होता.
म्हणाला, “ठेकेदार न्हाय वो. आमच्या आज्ज्यानंच
असं लावून घेतलंय. आज्जी दूध घालायला
साताऱ्यात जायाची, हा हितं येऊन बसायचा.
लोकं म्हणायची, आप्पा, फिरवून लावा की.
तर म्हणायचा, दरी कुठं जात न्हाय.
रस्त्यानं कोण येतंय ते दिसाय पायजे.”

मग आम्ही बसलो.
कासला जाणाऱ्या गाड्या गेल्या, काचा वर करून.
एक एस.टी. गेली, कंडक्टरनं उगीच हात केला,
रत्नप्रभानंही केला.
डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली,
कुठलं गाव तुमचं, विचारून
उत्तर ऐकायच्या आत चालू लागली.
दरी मानेवर लागत होती, गार.
वळून बघावंसं मला दोनदा वाटलं,
तिला एकदाही नाही.

“ह्यांचा काढ रं एक,” ती पोराला म्हणाली.
मी उठू लागलो तर गुडघ्यावर हात ठेवला.
“बसा. आज बाकडं नसलं दिसलं तरी चालतंय.”

फोटो आलाय तो असा:
मी कणीस धरून, मीटरसमोर उभा राहावं तसा ताठ,
तिचे डोळे मिटलेले,
आणि कोळशानं काळं झालेलं पोराचं बोट
निम्म्या अजिंक्यताऱ्यावर.
साहेबांनी हे रीडिंग नामंजूर केलं असतं.

वहीत नोंद आहे. दोनशे बारा. यवतेश्वर घाट. पाय दोन.
‘तोंड’ या रकान्यात मी काहीतरी लिहिलं होतं,
बऱ्यापैकी लांब.
ते आता वाचता येत नाही,
तिथं लिंबू सांडलंय.